साडेनऊ फूट दोर

अकोला,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय फारुख,

हे पत्र हातानं लिहितो आहे आणि पोस्टानं पाठवणार आहे. फोन तू उचलला नसता, आणि उचलला असता तर मी मुद्द्याचं सोडून भलतंच बोलत बसलो असतो. तू परतवाड्याला दुकान टाकलंस हे कापडबाजारात कळलं. पत्ता दोन माणसांना वेगवेगळा विचारला, दोघांचा जुळला, तेव्हाच पाकिटावर घातला. जहाँआरा भाभींना माझा सलाम सांग. तुबा आता बारावीला असेल, म्हणजे तुझ्या घरात आवाज चढवायची सोय उरली नसेल.

पहिली बातमी ही की आपला पिक्चर पूर्ण झाला. एक तास बावन्न मिनिटं, सतरा सेकंद. 'आभाळाची जागल' हेच नाव राहिलं. दुसरी बातमी ही की मुंबईच्या एका कंपनीनं तो मागितला होता आणि मी परवा शुक्रवारी त्यांना नाही म्हणून कळवलं. मोबाईलवर साऱ्या देशाला दिसला असता. त्यांची अट एकच होती. शेवटच्या दृश्यात डाव्या कोपऱ्यात पांढरा दोर दिसतो आणि तो धरणारे दोन काळे हात दिसतात, ते संगणकावर पुसून टाकायचे. पुसण्याचं काम त्यांचीच माणसं करणार होती, मला फक्त कागदावर सही करायची होती. दुर्गा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते ते असं ठेवते की वाटीतलं वरण माझ्या सदऱ्यावर येतं. पाच वर्षं घरातली माणसं, शेजारी, सोयरेधायरे सगळ्यांना कामाला लावलं आणि दोन हातांसाठी पिक्चर घरात ठेवून घेतला, असं ती माझ्याशी न बोलता भिंतीशी बोलते. तिचं चूक नाही. मी नाही का म्हणालो ते तिला सांगितलेलं नाही. तुला सांगणार आहे, पण क्रमानं. क्रम सोडून मला सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे.

तो तुकडा तू पाहिला असशीलच. आपल्या कॅमेरावाल्या योगेशनं जाहिरातीसाठी अर्ध्या मिनिटाचा टाकला आणि आठ दिवसांत तो कुठल्या कुठं गेला. देवदूत आभाळातून खाली येतो आहे आणि कोपऱ्यात राक्षस घाम गाळत दोर सोडतो आहे. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी सगळं वाचलं, अकराशे चाळीसपर्यंत वाचलं, मग डोळे दुखले. एकानं लिहिलं, राक्षस ओव्हरटाइम करून राहिला. एकानं लिहिलं, बजेट संपलं, हात उरले. बाजार समितीच्या गेटवर चहा पिताना एक अडत्या मला म्हणाला, शेषराव, तुमचा सैतान लय गुणाचा, हमाली बी करते. मी म्हणालो, हो, अन् मजुरी बी घेत नाही. सगळे हसले, मीही हसलो, आणि चहा अर्धा टाकून निघालो. लोकांनी हसावं, त्याचं मला काही नाही. पण त्यांच्यातल्या एकानं तरी पुढं येऊन सांगावं की बावा, अठ्ठावन्न किलोचा पोरगा पंखांसकट बावीस फूट वर न्यायचा आहे, क्रेन नाही, पैसा नाही, शिकवणारा कोणी नाही, तर तू कसा नेला असतास. मी नववीत शाळा सोडली. कप्पी, तोल, लेन्स, आवाज, सगळं विचारून विचारून आणि चुकून चुकून शिकलो. मला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, म्हणून माझ्याकडून ते काढूनही घेता येत नाही.

आठवतं ना हे सुरू कसं झालं. जिनिंगच्या गेटसमोर तुझं शिलाईचं दुकान, दुपारी माझा कापसाचा काटा रिकामा असला की मी तुझ्या पाटावर. मी म्हणायचो देवदूत, तू म्हणायचास फरिश्ते. मग तूच एकदा मशीन थांबवून म्हणालास, भाऊ, आमच्यात फरिश्त्याची तस्वीर काढत नाहीत, मोहल्ल्यात कळलं तर माह्यासंगं कोणी चाय पिणार नाही. आठ दिवस आपण त्याच्यावर अडलो. शेवटी उत्तर तुझ्या अब्बांच्या बाळापूरच्या सहा एकरातून निघालं. रात्रभर माचीवर बसून डुकरं हाकलायची, टमरेल वाजवायचं, त्याला जागल म्हणतात. मग तसेच हे वरचे. आभाळाच्या माचीवर बसून पृथ्वीचं शेत राखणारे. त्यांचं नाव जागले. राक्षस कोरड्या नाल्यातून येणार, डुकरं येतात तसे, पीक खाण्यापेक्षा तुडवून जास्त टाकणारे. लोकांनी त्यांना देवदूत म्हणावं की काय म्हणावं, ते त्यांचं. आणि राक्षसांच्या राजाचं काम तू स्वतः मागून घेतलंस. सैतान झालो तर कोणी काही म्हणत नाही भाऊ, फरिश्ता झालो तर पंचाईत हाय, असं म्हणून कैची कानामागं खोचलीस. तुझा तो सैतान पाहून अंकुर पहिल्या दिवशी खरोखर मागं सरकला होता. माझा चोवीस वर्षांचा पोरगा, लहानपणापासून तुझ्या मांडीवर बसून बाह्यांची बटणं मोजणारा.

मुंबईवाल्यानं मला फोनवर विचारलं, सर, पंखांना कोणतं सॉफ्टवेअर वापरलं. मी म्हणालो, शेख फारुखची कैची. त्याला वाटलं मी चेष्टा करतो. भंगारातून किलोनं घेतलेले जुने एक्स-रे, कॉस्टिक सोड्यात भिजवून, धुऊन, पिसांसारखे कापून, नायलॉनच्या दोऱ्यानं ओवलेले, हे मी त्याला सांगितलंच नाही. उजव्या पंखाला दोनशे सहा पिसं, डाव्याला दोनशे सहा. अर्ध्याअधिक एक्स-रेंवरचं चित्र नीट निघालं नाही, तेव्हा मी सगळे पुन्हा भिजवायला काढले आणि तू माझा हात धरलास. राहू दे भाऊ, म्हणालास, अकोल्याच्या हड्ड्या उडू दे जरा. तू बरोबर होतास. सकाळचं ऊन मागून आलं की त्या पंखांत कोणाच्या बरगड्या दिसतात, कोणाचा गुडघा, कोणाची पाच बोटं. डावा पंख मी तुला तीनदा उसवायला लावला, अर्ध्या इंचासाठी. तिसऱ्यांदा तू म्हणालास, खुदा बी इतकं मोजत नसन. आणि पुन्हा शिवलास.

मग मुंबईवाल्यानं हातांचा विषय काढला. अदबीनं काढला, ते मी नाकारत नाही. म्हणाला, बाकी सगळं साधं आहे ते आम्ही साधं म्हणूनच विकू, लोकांना आवडतं, पण हे हात चूक वाटतात. कोणाचे आहेत. मी म्हणालो, राक्षसांच्या राजाचे. तो म्हणाला, मग राक्षस देवदूताला खाली का उतरवतो. मी म्हणालो, गोष्ट तशीच आहे. जखमी जागल्या आभाळाला धडकून पडत होता आणि ज्याच्याशी तो दीड तास लढला त्यानंच त्याला अलगद जमिनीवर ठेवलं. त्यानं विचारलं, पहिल्यापासून असंच लिहिलं होतं का. मी हो म्हणालो. फारुख, हे खोटं बोललो. तुला माहीत आहे काय लिहिलं होतं. कोरड्या विहिरीत अंकुरचा भाला लागून तुझा सैतान मरणार होता. मरण्याची तालीम तू माझ्या अंगणात सात प्रकारांनी केली होतीस, सातव्या प्रकाराला दुर्गानं पीठ चाळणं सोडून टाळ्या वाजवल्या होत्या. तो शेवट चित्रित झालाच नाही, कारण त्या दिवशी सकाळी नऊच्या एसटीनं तू निघून गेलास. माझ्याकडं शेवट म्हणून एकच गोष्ट उरली होती, योगेशनं बंद करायचा विसरलेला कॅमेरा आणि त्यातले चाळीस सेकंद.

आता त्या सकाळकडं येतो. पण त्याआधी कापसाचं सांगू दे, कारण सगळं तिथं आहे. मी एकोणीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर होतो. गाडी आली की मी ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचो, मूठ भरून दाबायची, सोडायची, आणि कापूस कसा फुलतो त्यावरून ओल सांगायची. नंतर कंपनीनं ओल मोजायचं यंत्र आणलं. माझी मूठ आणि यंत्र यांत कधी अर्ध्या टक्क्याच्या वर फरक आला नाही. गाड्या घेऊन आलेल्या किती माणसांशी मी त्यावर भांडलो. कोणी शपथ घ्यायचा की शेषराव भाऊ, पाण्याचा थेंब नाही मारला, रात्री आंगणात पडला होता, दव पडलं असन. मी म्हणायचो, दव असो की हौद, काट्याले काय समजते, वजन ते वजन. दोन किलो कट. तू समोरून ऐकायचास आणि ते गेल्यावर म्हणायचास, भाऊ, तुम्ही मेल्यावर तुमचं बी वजन कट करून नेतील.

उड्डाणासाठी तोल लावायचा तेव्हा योगेश म्हणाला वाळूची पोती लावू. मी नको म्हणालो. दोर तुटला, गाठ सुटली, तर पोतं कोणाच्या डोक्यात पडेल. कापसाचं गठोडं पडलं तर कोणी मरत नाही. या कल्पनेचा मला किती अभिमान होता ते तुला आठवत असेल, मी ती चार वेळा सांगितली होती. अंकुर अठ्ठावन्न किलो, पंख आणि पट्टे नऊ, एकूण सदुसष्ट. दुसऱ्या टोकाला सोळा-सोळाची चार गठोडी, चौसष्ट. तीन किलोचा फरक अंकुरच्या बाजूनं, म्हणजे तू दोर ओढशील तेवढाच तो वर जाईल आणि सैल करशील तसा खाली येईल. तू म्हणालास, फरिश्त्याले काट्यावर कोणी मोजते काय. मी मोजलं. शनिवारी दुपारी सव्वाचार वाजता, तुझ्यासमोर, ग्रॅमपर्यंत. आणि गठोडी बाळापूरच्या शेतात कप्पीसाठी उभारलेल्या कमानीखाली बांधावर ठेवून आपण सगळे झोपायला गेलो.

१८ डिसेंबर २०२२. सूर्य पाच-सात मिनिटांत वर येणार होता आणि मला तो पंखांच्या मागूनच हवा होता. पुढचं दृश्य तुझ्या मरणाचं म्हणून तुझे हात कोपरापर्यंत रंगवून झाले होते, शेंगदाण्याच्या तेलात खललेली काजळी. तू म्हणालास, भाऊ, हात तेलकट हायेत, राखेनं घासून येतो, पाच मिनिटं. मी जे म्हणालो ते शब्दाला शब्द लिहितो, कारण तेही मोजलंच पाहिजे. सूर्य काय तुह्या बापाचा नोकर हाय थांबाले. तू दोर धरलास. अंकुरनं उडी घेतली आणि तो थेट वर गेला. आपण ठरवलं होतं तसा नाही, बंदुकीतून सुटल्यासारखा. खांदा कमानीच्या लोखंडी पाइपावर आपटला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. गठोडी खाली आदळली, दोन सुटली, आणि अंकुर हिसके खात खाली आला. मी कॅमेऱ्यामागून धावलो. गळ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तिथं अकरा माणसं उभी होती, तू, मी आणि अंकुर सोडून अकरा, आणि त्या अकरा माणसांसमोर मी म्हणालो की ह्यानं दोर सोडला, ज्याले कैची धरता येते त्याले दोर धरता येते असं नाही. तू दोन्ही मुठी आवळून उभा होतास. मला वाटलं रागानं आवळल्या. तू एवढंच म्हणालास, पोराले पाणी द्या. मग तू गेलास, रंग न काढता. फाट्यावर एसटीत चढणाऱ्या सैतानाकडं लोक कसे पाहत असतील, असं योगेश नंतर म्हणाला, आणि कोणी हसलं नाही.

दवाखान्यात अंकुर मला म्हणाला, बाबा, मी धाडकन खाली येऊन राहिलो होतो, चाचानं धरलं मले. मी त्याला म्हणालो, तू वरती होता, तुले काय दिसते. हाडवैद्य आणि डॉक्टर यांच्याशीही मी वाद घालतो, माझ्या पोरानं मला काय सांगावं. महिनाभरानं मी सामान आवरायला काढलं, दोर उलगडला, आणि तो अंगणात सरळ पसरून मोजला. फारुख, दोर सोडला असता तर तुझ्या काजळीचा डाग एका ठिकाणी असता, वीतभर, फार तर दोन विती. दोर पांढरा, डाग काळा, लपायला जागा नाही. डाग साडेनऊ फूट होता. सलग. सुरुवातीला गडद, पुढं फिकट, कुठं तुटलेला नाही. म्हणजे दोन गठोडी सुटली, पलीकडं उरले सदतीस किलो, बत्तीस का नाही ते पुढं येतं, आणि अलीकडं पंखांसकट सदुसष्ट किलोचा माझा पोरगा, आणि मधला सगळा भार तेल लावलेल्या दोन हातांवर, आणि ते हात साडेनऊ फूट दोराबरोबर घासत गेले तरी उघडले नाहीत. शेवटच्या दीड फुटावर काळं नव्हतं. तिथं तांबूस होतं. मी तो दोर गुंडाळून माळ्यावर टाकला. तुला फोन केला नाही. मग उन्हाळ्यात भाभी दुर्गाला बाजारात भेटल्या आणि त्यांनी सांगितलं की चार महिने तुला कैचीत अंगठा घालता आला नाही. दुर्गानं मला ते जेवताना सांगितलं. तेव्हाही फोन केला नाही. मी स्वतःला सांगितलं की दोर धरला हे खरं, पण तो आधी इतका जोरात वर गेलाच कसा, हिसका तूच दिला असशील. तेवढी एक फट मी स्वतःसाठी ठेवली होती.

दोर मोजल्यापासून ती फट बुजवायला मला अकरा महिने लागले. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मी एकटाच बाळापूरला गेलो. तोच बांध, तीच चार गठोडी, सोळा-सोळाची, तीच सव्वाचारची वेळ. शेजारच्या शेतात तसाच हरभरा होता, आणि शेतीची वीज तिथं तेव्हा रात्रीचीच, म्हणजे हरभऱ्याला पाणी देणारे तुषारचे फवारे रात्रभर फिरत होते आणि वारा आपल्या बांधाकडं होता. त्यावर दव. सकाळी साडेसहाला मी काटा लावला. चौसष्टचे साडेपंच्याहत्तर झाले होते. मग मी गठोड्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ दाबली आणि सोडली, आणि कापूस फुलला नाही. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या कापसात जो हात घातला तो त्या एका सकाळी स्वतःच्या गठोड्यात घातला नव्हता. तू दोर हातात घेतलास तेव्हा पोरगा हलका होता आणि गठोडी जड, तुला हिसका द्यायची गरजच नव्हती. घरी येऊन मी कोणाला काही बोललो नाही. मी पिक्चर जुळवायला बसलो. विहिरीचं दृश्य काढून टाकलं, गोष्ट उलटीकडून पुन्हा लिहिली, आधीच्या सोळा प्रसंगांतलं बोलणं अंकुरच्या आवाजात नव्यानं भरलं, फक्त एवढ्यासाठी की शेवटी ते चाळीस सेकंद जसेच्या तसे यावेत. अंकुरला विचारलं की तुझं हाड मोडलेलं दाखवू का. तो म्हणाला, ते नको दाखवायचं असन तर पिक्चर कायले करून राहिले. त्या दिवशी डाव्या पंखाचं जे एक पीस तुटलं होतं, त्या जागी आता त्याच्याच खांद्याचा एक्स-रे ओवला आहे. ओवला मीच. तुझ्यासारखी गाठ बसली नाही.

तर हे पत्र कशासाठी, ते सांगतो. रविवारी २३ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता अमरावतीला पिक्चरचा पहिला खेळ आहे. सभागृह साधं आहे, पडदा मी शिवून घेतला आहे, दुसऱ्याकडून, आणि एका कडेला पाव इंच तिरका आहे. मी त्या अकरा माणसांना नावानिशी बोलावलं आहे. दहा येतो म्हणाले, अकरावा आता धारणीला असतो, तो आदल्या दिवशी जीपनं निघणार आहे. पिक्चर सुरू होण्याआधी मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगणार आहे की दोर सुटला नव्हता, कापूस मी उघड्यावर टाकला होता, हात धुवायला पाच मिनिटं मी दिली नव्हती, आणि हे मला जवळपास दोन वर्षांपासून माहीत आहे. घड्याळ लावून बोलून पाहिलं, पावणेदोन मिनिटं लागतात. एवढ्याशा बोलण्याच्या ऐवजी मी एक तास बावन्न मिनिटांचा पिक्चर करून बसलो. दोर मी सोबत आणणार आहे, कोणाला मोजायचा असेल त्यानं मोजावा. सगळ्यांत शेवटी पडद्यावर एकच ओळ एकटी येते, 'दोर : शेख फारुख शेख गुलफाम', आणि तिच्याआधी ते हात. मुंबईवाल्यांनी उद्या दुप्पट मोठा पडदा देऊ केला तरी ते पुसले जाणार नाहीत. तू मला माफ करावंस म्हणून बोलवत नाही, तो तुझा हिशेब आहे आणि तुझ्या बाजूचं वजन मला माहीत नाही. तू आला नाहीस तरी मी बोलणारच आहे. पण पहिल्या रांगेत डावीकडून दुसरी खुर्ची रिकामी राहील. परतवाड्याहून साडेआठची एसटी पकडलीस तर दहाच्या आत पोचशील. मी डेपोत दोनदा विचारून घेतलं आहे.

तुझाच,
शेषराव